महाग माल आणि हिशेबी गिऱ्हाईक



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला, की आमच्या गुहागरकरांच्या डोळ्यांपुढे अंजनवेलचा गोपाळगड उभा राहतो, नाही तर पलीकडे दाभोळ बंदरात उतरणारे अरबी घोडे. आम्ही चिटणीसांकडे विषय पाठवला तो खिशातल्या फोनचा. "हा इतिहास कसा?" असे समितीतील एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी विचारले. शंका रास्त होती. जी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली तिला इतिहास म्हणावयास जीभ कचरते. परंतु आमचा जन्म गेला कामगार संघटनेत. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयात आणि एसटीच्या खिडकीशी बसून. त्यामुळे इतिहासाची आमची व्याख्या अंमळ गावठी आहे. कोणी काय विकले, कोणी ते घेतले किंवा नाकारले, आणि त्याचे दाम शेवटी कोणाच्या मजुरीतून गेले, हे सांगता आले म्हणजे आमच्या लेखी इतिहास झाला.

अमेरिकेतील ॲपल कंपनीने केलेला आयफोन २००८ साली आपल्या देशात आला. साऱ्या जगात ज्याच्यासाठी रांगा लागल्या, तो माल येथे दहा-अकरा वर्षे अडखळत राहिला. कंपनी मोठी, माल उत्तम, जाहिरात भरपूर, आणि देशात फोन तर कोट्यवधी विकले जात होते. तरी आयफोनचा वाटा शेकड्याला दोन-तीन यांच्या आसपासच घुटमळत होता. असे का व्हावे, आणि पुढे हे चित्र पालटले ते कशाने, हा आजचा विषय आहे.

मात्र फोनाकडे वळण्यापूर्वी एका दुसऱ्या महाग मालाची आठवण काढणे गुहागरात तरी अवश्य आहे. तोही अमेरिकेहून आला होता, आणि थेट आपल्या दारात आला होता. १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉन कंपनीचा राज्याच्या वीज मंडळाशी प्राथमिक करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये पक्का वीजखरेदी करार झाला, आणि अंजनवेल, वेलदूर, रानवी ही नावे जगाच्या वर्तमानपत्रांत झळकली. १९९५ साली सरकार बदलले, ऑगस्टमध्ये करार मोडला, पुढच्या वर्षी तो पुन्हा जुळला. मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. यांपैकी पुष्कळ मंडळी या सभागृहात बसली आहेत, त्यांना आम्ही काय सांगावे? मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. वीज चांगली होती, यंत्रे उत्तम होती. परंतु काही महिन्यांत मंडळाला ती युनिटला सात रुपयांच्याही पुढे पडू लागली. मेख होती ती करारात. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकाराचे पैसे भरलेच पाहिजेत, तेही डॉलरच्या हिशेबाने. आणि वर सरकारची हमी! २००१ च्या मे महिन्याअखेर प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो प्रकल्प नव्या नावाने हाती घेतला, ही पुढची गोष्ट.

दोन्ही माल महाग, दोन्ही अमेरिकन, दोन्ही गुणाने चोख. पण एकाने गिऱ्हाइकाला आधी बांधून घेतले आणि मग भाव सांगितला. दुसऱ्याला ती सोय नव्हती. त्याला शृंगारतळीच्या एखाद्या गाळ्यात इतर दहा फोनांच्या रांगेत उभे राहावे लागले, आणि गिऱ्हाईक त्याला हातात घेऊन, उलटसुलट करून, किंमत विचारून खाली ठेवू शकत होते. हे 'खाली ठेवणे' म्हणजे काय शक्ती आहे, ते एन्रॉन पाहिलेल्या माणसालाच पुरते कळेल.

आता फोन. आपल्याकडे मोबाइलचा पहिला संवाद झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांनी तो फोन घेतला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. दारात आलेल्या पाहुण्याने चहा प्यावा आणि जाताना यजमानालाच तिकिटाचे पैसे मागावेत, तशातला प्रकार! २००३ च्या मे महिन्यापासून येणारे फोन फुकट झाले, आणि मग खरा मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती आला.

त्या वेळी आपल्या लोकांनी काय केले, पाहा. मुंबईहून निघालेला चाकरमानी चिपळूणला उतरला की घरी एक रिंग देऊन फोन तोडीत असे. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे गाडी चुकली, जेवायला थांबू नका. निरोप पोचे आणि पैसा एक खर्च होत नसे. 'मिस्ड कॉल' ही विद्या कोणत्याही कंपनीने शिकवली नाही. गिऱ्हाइकाने ती स्वतः शोधून काढली. मोठमोठ्या पगाराचे लोक याला चिक्कूपणा म्हणत. आम्हांला हा शब्द मान्य नाही. चिक्कू मनुष्य असलेला पैसा खर्चीत नाही. हिशेबी मनुष्य असलेला पैसा कोठे गेला तर जास्त उपयोगी पडेल ते पाहतो. मनीऑर्डरीवर ज्यांची चूल पेटली, त्या कोकणाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही.

या हिशेबी गिऱ्हाइकाला नोकिया कंपनीने ओळखले. तिचा ११०० क्रमांकाचा फोन २००३ साली आला. धूळ आत जाऊ नये अशी कळांवर रबरी चादर, घामट हातातून निसटू नये अशी मागची बाजू, आणि डोक्यावर एक लहानशी विजेरी. जगात हा फोन सुमारे २५ कोटी विकला गेला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की त्याच विजेरीवर गोठ्यात जाऊन गाय बघून येणारी माणसे होती. पुढे २००८ च्या सुमारास मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्या पुढे आल्या. त्यांनी पाहिले की खेड्यात वीज नाही, तर एकदा भारली की महिनाभर टिकेल अशी बॅटरी हवी. त्यांनी पाहिले की एका कंपनीचे बोलणे स्वस्त आणि दुसरीची रेंज चांगली, तर एकाच फोनात दोन सिमे हवीत. फोन त्यांनी चीनमधून करवून आणले हे खरे. पण गरज येथली ओळखली.

नेमक्या याच वर्षी, २२ ऑगस्ट २००८ रोजी, एअरटेल आणि व्होडाफोन यांच्या दुकानांतून आयफोनची विक्री सुरू झाली. किंमत ३१,००० रुपये. अधिक साठवणीचा हवा असेल तर ३६,१००.

हा आकडा कोणत्या पट्टीने मोजावयाचा? अर्थशास्त्री डॉलरने मोजतात. आमची पट्टी वेगळी आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात पगाराची एक मर्यादा असते. त्या वेळी ती ६,५०० रुपये होती. कोकणातल्या कंत्राटी कामगाराच्या हाती महिन्याला एवढे पडले तर तो दिवस सोन्याचा. म्हणजे आयफोन झाला त्याच्या पावणेपाच महिन्यांच्या पगाराचा, तोही भाडे, किराणा, मुलांची फी, गणपतीचा खर्च काही न काढता.

अमेरिकेतील मजूर हाच फोन कसा घेत होता? तेथेही आरंभी तो महागच वाटला होता. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी तो जगाला दाखवला, जूनअखेर विक्रीस आला, आणि दहा आठवड्यांच्या आत ५९९ डॉलरचा फोन ३९९ वर आणावा लागला. आधी घेतलेले लोक इतके चिडले, की कंपनीने त्यांना शंभर डॉलरची भरपाई खरेदीच्या रूपाने दिली. पुढच्या वर्षीचा नवा फोन तेथे १९९ डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ-नऊ हजार रुपयांना मिळू लागला. मग आपल्याकडे एकतीस हजार का? याचे उत्तर असे, की अमेरिकेत फोनचे बाकीचे पैसे दूरध्वनी कंपनी भरीत होती आणि दोन वर्षांच्या करारात दरमहा बिलातून ते वसूल करीत होती. किंमत कमी झाली नव्हती, झाकली गेली होती. आपल्याकडे बहुतेक लोक आधी पैसे भरून मग बोलणारे. दहा रुपयांचे रिचार्ज मारणाऱ्याला दोन वर्षे बांधणार कसे? हिंदुस्थानातील गिऱ्हाईक बांधलेले नव्हते, म्हणून त्याला किंमत उघडी दिसली; आणि उघडी दिसली म्हणून त्याने फोन खाली ठेवला.

पुढील काही वर्षे कंपनीने या बाजाराकडे काहीसा कानाडोळाच केला. २०१२ साली तिचे प्रमुख टिम कुक यांनी विश्लेषकांपुढे असा अभिप्राय दिला, की हिंदुस्थान आवडता असला तरी तेथे विक्रीच्या साखळीत इतके मध्यस्थ आहेत की मालाची किंमत चढते, आणि नजीकच्या काळात आम्हांला इतर देशांत अधिक वाव दिसतो. मध्यस्थांचे दुखणे आंबेवाल्यांना सांगावयास नको. पण कंपनीला जे दिसले नाही ते हे, की मध्यस्थ काढून टाकले तरी फोन काही पंधरा हजारांना येणार नव्हता. २०१३ साली तिने रंगीत प्लॅस्टिकच्या पाठीचा '५ सी' आणला. हा गरिबांचा आयफोन अशी हूल जगभर उठली होती. तो येथे आला तो ४१,९०० रुपयांना! तीन वर्षांपूर्वीचे जुने वाण २०१४ च्या आरंभी सुमारे तेवीस हजारांना पुन्हा बाजारात मांडून पाहिले, तेही फारसे चालले नाही. आपले गिऱ्हाईक हिशेबी आहे, शिळे खाणारे नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत शाओमी ही चिनी कंपनी आली. दुकान नाही, जाहिरात नाही, मध्यस्थ नाही. फ्लिपकार्टवर थेट विक्री, १३,९९९ रुपये. दोन महिन्यांत तिचा दुसरा फोन ५,९९९ ला आला आणि काही क्षणांत संपू लागला. आयफोनात जे होते त्यातले बरेचसे त्याच्या पाव किमतीत मिळते आहे, हे लोकांनी पाहिले. २०१७ संपताना शाओमी सॅमसंगला मागे टाकून देशात पहिली झाली होती. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ पासून, जिओने इंटरनेट जवळजवळ फुकट वाटावयास घेतले. स्वस्त फोनात फुकट इंटरनेट आले आणि वाडीवाडीतला मनुष्य चित्रे पाहू लागला. या साऱ्या लाटेत आयफोन किनाऱ्यावर उभा होता.

येथे आम्हांला आमच्या आंब्याची आठवण होते. गुहागर तालुक्यातील बागायतदार हाही महाग मालाचा विक्रेता आहे, हे आपण विसरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या बाजारात पहिल्या पेटीला हजारांनी भाव; मे संपताना तोच आंबा डझनावर येतो, आणि पाऊस पडला की कॅनिंगला. शिवाय कर्नाटकचा आंबा शेजारी 'हापूस' म्हणून उभा असतोच. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तरी गिऱ्हाइकाला ओळख पटवणे काही सोपे झालेले नाही. आयफोनचेही असेच ऋतू आहेत. सप्टेंबरात नवे वाण, त्याला चढा भाव. मग जुन्याचा भाव उतरतो आणि हिशेबी मनुष्य तेव्हा पुढे होतो. फरक एवढाच, की आपल्या बागायतदाराचा माल थांबत नाही, कुजतो. कंपनीचा फोन थांबू शकतो. ज्याचा माल थांबू शकतो तो दहा वर्षे तोटा न होता हट्ट धरू शकतो. बागायतदाराला दहा दिवसही धरता येत नाही.

२०१६ च्या मे महिन्यात टिम कुक स्वतः येथे आले, मुंबईत सिद्धिविनायकाचे दर्शनही त्यांनी घेतले. त्याच सुमारास कंपनीने सरकारकडे एक परवानगी मागितली होती: परदेशांत वापरलेले फोन दुरुस्त करून येथे स्वस्तात विकू द्यावेत. देशी उत्पादकांनी विरोध केला, परदेशचा कचरा येथे येईल असे म्हटले, आणि सरकारने ती मागणी नाकारली. आमचे मत विचाराल तर नकार योग्यच होता. पण गमत अशी, की मुंबईच्या साहेबाने टाकलेला आयफोन त्याच्या ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हरचा गणपतीत गावच्या भाच्याकडे येतच होता. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

स्वतःची दुकाने उघडावयाची तर तीस टक्के माल या देशातून घेण्याची अट आड येत होती. म्हणून २०१७ मध्ये बंगळूरला विस्ट्रॉन या तैवानी कंपनीकडून एका लहान आयफोनची जुळणी सुरू झाली. इकडे सरकारने आयात जकात वाढवीत नेली: जुलै २०१७ मध्ये दहा टक्के, डिसेंबरात पंधरा, फेब्रुवारी २०१८ मध्ये वीस. त्या वर्षी आलेला 'एक्सआर' ७६,९०० ला पडला, त्याचा थोरला भाऊ एक लाखाच्या पुढे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बाजाराची मोजदाद करणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली आयफोनची येथील विक्री आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्मी झाली. दोन सिमांची सोयही आयफोनात आली ती याच वर्षी. मायक्रोमॅक्सचे गिऱ्हाईक तिला दहा वर्षे वापरीत होते!

आणि मग कंपनी वाकली. एप्रिल २०१९ मध्ये 'एक्सआर' ५९,९०० वर आला. सप्टेंबरातील नवा फोन, 'अकरा', ६४,९०० ला निघाला. म्हणजे नवा माल आदल्या वर्षीच्या मालाच्या मूळ भावापेक्षा बारा हजारांनी कमी. जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला आमच्या मिस्ड कॉलवाल्या गिऱ्हाइकाने भाव उतरवावयास लावला. एन्रॉनशी सारे सरकार भांडले, कोर्टात गेले, समित्या बसल्या, आणि जे झाले नाही ते येथे केवळ न घेण्याने झाले. हे लिहिताना आम्हांला आनंद होतो हे लपवीत नाही.

पण इतिहास येथे थांबत नाही. थांबला असता तर आम्ही हा विषय निवडलाच नसता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तीस टक्क्यांची अट सैल केली. २३ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीचे ऑनलाइन दुकान सुरू झाले. १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले खरेखुरे दुकान उघडले. त्याच्या उद्घाटनापूर्वीच्या चित्रांत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नक्षी वापरली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ती जुनी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला दुकान निघाले. आणि विक्री? २०२४ साली सुमारे १ कोटी २० लाख आयफोन येथे आले असा अंदाज आहे. सहा वर्षांपूर्वी मोजणी लाखांत होती.

तर मग फोन स्वस्त झाला काय? पुन्हा आमची पट्टी काढू. भविष्यनिर्वाह निधीची मर्यादा २०१४ पासून १५,००० झाली आणि २०२३ सालीही तीच होती. त्या वर्षी 'पंधरा' क्रमांकाचा नवा आयफोन निघाला ७९,९०० ला. भागाकार करा: पाच महिने आणि वर दहा दिवस. २००८ साली पावणेपाच महिने होते. मजुराच्या पट्टीने फोन स्वस्त झालेला नाही, उलट तसूभर महागच झाला आहे. वाढत्या मध्यमवर्गाने त्यातले पुष्कळ फोन घेतले हे खरे. पण आमच्या ओळखीची कंत्राटी पोरे मध्यमवर्गात नाहीत, आणि त्यांच्या हातात आयफोन दिसतो आहे.

शृंगारतळीतील एका फोनविक्याने आम्हांला उत्तर दिले. "कामगारनेते, आता कोणी किंमत विचारीत नाही. हप्ता किती, एवढेच विचारतात."

अमेरिकेत २००८ साली दूरध्वनी कंपनीने केले होते तेच येथे कर्ज देणाऱ्या पेढ्यांनी केले. किंमत झाकली. चोवीस हप्ते, व्याज नाही, जुना फोन द्या, आधार कार्ड दाखवा, दहा मिनिटांत फोन घेऊन जा. आपले गिऱ्हाईक आता बांधले गेले. दूरध्वनी कंपनीशी नव्हे, स्वतःच्या पुढच्या दोन वर्षांच्या मजुरीशी. किमतीपुढे जे गिऱ्हाईक अकरा वर्षे हरले नाही ते हप्त्यापुढे नमले. वीज घ्या अथवा न घ्या, पैसे भरा, हे कलम आठवते ना? फोन समुद्रात पडला तरी हप्ता चालूच राहतो.

दुसरे टोक कारखान्यात आहे. आयफोन आता मोठ्या प्रमाणावर याच देशात जुळवला जातो, कर्नाटकात आणि तामिळनाडूत. १२ डिसेंबर २०२० रोजी कोलार जिल्ह्यात नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात पहाटेची पाळी सुटताना कामगारांचा उद्रेक झाला. काचा फुटल्या, गाड्या उलटल्या, शंभरावर लोकांना अटक झाली. बहुतेक कंत्राटी. अभियांत्रिकीच्या पदवीधराला २१,००० कबूल केले, हातात सोळा आणि पुढे बारा हजार पडले, अशी त्यांची तक्रार वर्तमानपत्रांत आली. राज्याच्या खात्याने तपासणीत कायदेभंग दाखवले. काही कामगारांना पगार बरोबर दिला गेला नव्हता हे विस्ट्रॉनने कबूल केले, माफी मागितली, एका मोठ्या अधिकाऱ्याला काढले. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात श्रीपेरुम्बुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना वसतिगृहाच्या अन्नातून विषबाधा झाली आणि त्या महामार्गावर येऊन बसल्या. तोडफोडीचे समर्थन आम्ही करीत नाही. तीस वर्षांत कोणत्याही गेटसभेत केलेले नाही. परंतु संघटना नसलेल्या जागी गाऱ्हाणे दगडाच्या रूपाने बाहेर पडते, हेही पाहिलेले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने दिवसाला बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. एप्रिलमध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला, पण तेथे संघटनांनी रान उठवले आणि १ मे रोजी, कामगार दिनीच, तो मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले.

आता एक घरची गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आमचे वडील त्यांत होते. साचा बंद झाला आणि ते गावी आले. वर्षावर वर्ष संप चालला. घरात भाताची कणगी होती, वाण्याकडे उधारीची वही होती, आईने वाडीत मजुरी केली. संप आम्ही हरलो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण तो इतके दिवस टिकला तो कशावर? वाण्याची वही थांबत असे. "पावसानंतर बघू," असे म्हणता येत होते. वाणी गावचाच, त्याला माणसाचे तोंड दिसत होते.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेतील एका कारखान्याच्या कंत्राटी कामगारांची सभा झाली. कारखान्याचे नाव येथे नको. जादा कामाचे पैसे सहा महिने थकलेले, मागणी न्याय्य, एक दिवसाच्या लाक्षणिक संपाचा ठराव. एक दिवस! ४२ जण हजर होते. आम्ही हात वर करावयास सांगितले, तेव्हा ११ हात वर आले. आम्ही रागावलो, बाप काढला म्हणा ना. तुमच्या आजोबांनी दीड वर्ष काढले, असेही बोललो. सभा उठल्यावर पंचविशीतला एक मुलगा मागे थांबला. हुशार, कामाला वाघ, घोषणा द्यावयाला सर्वांत पुढे असणारा. त्याचा हात वर आला नव्हता.

म्हणाला, "काका, पाच तारखेला हप्ता कटतो. एक खाडा पडला तर खात्यात तेवढे उरत नाहीत. मग पेढीचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा. आणि घरी फोन येतात, आई घेते."

त्याने फोन टेबलावर ठेवला. दोन वर्षांपूर्वीचे वाण, कोपऱ्यावर तडा गेलेला. आम्ही विचारले, अरे, एवढा महागाचा घ्यावयाचा कशाला? आमचा नऊ हजारांचा आहे, संघटनेचे सारे निरोप त्यावरच जातात. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, गेटवर वॉचमन आम्हांला नावाने हाक मारीत नाही, ठेकेदाराच्या नावाने मारतो. सुपरवायझरकडे हाच फोन आहे. माझ्या हातात तो बघितला तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारले, काय रे, नाव काय तुझे?"

तीस वर्षे आम्ही मागणीपत्रके लिहीत आलो. महागाई भत्ता, बोनस, रजा, बूट, साबण यांची कलमे त्यांत असतात. या मुलाने ७० हजारांना काय विकत घेतले ते त्यांतल्या एकाही कलमात बसत नव्हते. आम्ही त्याला किती हप्ते राहिले ते विचारले. नऊ, म्हणाला. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयात बोट ठेवून मोजले, आणि लाक्षणिक संपाचा ठराव दहाव्या महिन्यावर टाकला. तोवर थकलेल्या पैशांसाठी कामगार आयुक्तांच्या कचेरीत अर्ज केला आहे. त्याची पहिली तारीख रत्नागिरीस लागली आहे, आणि त्या दिवशीचा खाडा संघटनेने भरावयाचा असे ठरले आहे.